वहिनीची सकाळची फुंकर

आमच्या वहिनीचा आवाज मोठा आहे. हे मी नणंद आहे म्हणून सांगत नाही. ती ‘जेवायला चला’ म्हणाली की वरच्या मजल्यावरचेसुद्धा हात धुऊन बसतात. दोष तिचा नाही, नोकरीचा आहे. छातीच्या दवाखान्यात बोळाच्या टोकाला एक खोली आहे. तिथे माणसाच्या नाकाला चिमटा लावून, तोंडात पुठ्ठ्याची नळी देऊन ती दिवसभर ओरडते, “भरा, भरा, भरा... आणि फुंका! फुंका, अजून, अजून, सोडू नका!” माणसाने जीव तोडून फुंकलं नाही तर आकडा खोटा येतो, म्हणून ओरडावंच लागतं. बाहेर बाकावर बसलेली माणसंही नकळत तिच्या तालावर फुंकायला लागतात. दवाखान्यात तिला फुंकबाई म्हणतात. तिला त्याचा राग येत नाही. मला येतो.

भाजी निवडतानाही तिचं तेच चालतं. “फुप्फुस आळशी असतं गं,” ती मला सांगते. “ते स्वतः काही करत नाही. खालचा स्नायूंचा पडदा खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, आत जागा होते आणि हवा आपणहून शिरते.” साधा श्वास असतो जेमतेम अर्ध्या लिटरचा. जोर लावून घेतला तर त्यावर आणखी दोन-तीन लिटर मावते. आणि मग डोळे पांढरे होईपर्यंत फुंकलं, तरी लिटरभराहून जास्त हवा आत राहतेच. ती कुणालाच काढता येत नाही, पैलवानालाही नाही. ती राहते म्हणून आतले बारीक फुगे नव्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे चिकटून बसत नाहीत.

“म्हणजे तुझंसुद्धा थोडंफार बोलणं आत राहत असेल की,” मी म्हटलं, तर तिने भेंडी फेकून मारली.

तिची एक सवय आहे. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ती स्वतः त्या खुर्चीत बसते आणि फुंकते. मशीन तपासायला मोठा पंप असतो, तोही ती वापरते. पण भरवसा तिचा स्वतःच्या श्वासावर. तिचा आकडा रोज सारखा येतो, फार तर उन्नीस-बीस. “जास्त हलला तर मशीन बिघडलंय, मी नाही,” असं ती ठणकावून सांगते.

आता आमचा दादा, म्हणजे तिचा नवरा. तो सुतार. घराखालीच त्याचा कारखाना. लाकूड घासायचं, पॉलिश फवारायचं आणि वर सिगरेट ओढायची, यात त्याचं वय गेलं. पन्नाशी उलटल्यावर त्याचे शर्ट छातीत आवळायला लागले, आणि स्वारीला आनंदाचं भरतं आलं. “लोकांचं पोट सुटतं, माझी छाती वाढली!” येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती ठोकून दाखवायचा. वहिनीही कौतुकाने शर्टांची बटणं सरकवून द्यायची. जिना चढताना तो मध्ये थांबायचा खरा, पण थांबून काहीतरी विनोद करायचा. आम्ही हसायचो आणि पुढे जायचो.

एके दिवशी तिच्या खोलीत एक मुलगी वडिलांना घेऊन आली. नळी तोंडात द्यायच्या आधी ती सहज म्हणाली, “बाबांचे शर्ट छातीत घट्ट होतात आणि पोटावर नुसते लोंबतात.” वहिनीने त्यांची तपासणी केली, घरी आली, चप्पल पायात तशीच ठेवून कपाट उघडलं आणि दादाचा शर्ट हातात घेऊन पलंगावर बसली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“हा इतकी वर्षं माझ्यासमोर जेवतोय,” ती मला म्हणाली. “दिवसभर लोकांच्या छात्या बघते, आणि याची बटणं मीच सरकवली.”

तिने मला समजावलं. आतल्या नळ्या अरुंद झाल्या की हवा आत शिरते, पण बाहेर जाताना वाट मिटते. जुनी हवा आत अडकते, नवी तिच्यावर चढते, आणि छाती फुगलेलीच राहते. म्हणजे दादा ज्याची फुशारकी मारत होता, ती त्याला सोडता न येणारी हवा होती. “पण वयानेही थोडी छाती भरते,” असंही ती म्हणाली. ते खरं ठरावं असं तिला वाटत होतं.

दादाला सांगितल्यावर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “तुझ्या त्या नळीत मी फुंकणार नाही.” वहिनीने काडी पेटवली आणि त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरली. “मग ही विझव. ओठांचा चंबू करायचा नाही, तोंड उघडं ठेवून.” दादाने फुंकलं. ज्योत हलली. पुन्हा फुंकलं. मग म्हणाला, पंखा चालू आहे. पंखा बंद केला. काडी तिच्या बोटांपर्यंत जळत आली. दुसरी काडी मी एका फुंकरीत विझवली आणि लगेच पस्तावले.

दुसऱ्या दिवशी दादा मुकाट्याने दवाखान्यात आला. मीही सोबत होते. वहिनीने त्याला चिमटा लावला आणि बाकीच्या पेशंटांवर ओरडते तशीच ओरडली, “भरा, भरा... फुंका! अहो, सोडू नका!” तीनदा फुंकायला लावलं. मशीनच्या पडद्यावर रेघ वर गेली आणि तिन्ही वेळा झोळीसारखी खाली लोंबली. एवढं मलाही कळलं, कारण आधीच्या पेशंटची सरळ उतरली होती.

“मशीन बिघडलंय,” वहिनी म्हणाली.

“सकाळी तर बरोबर होतं ना?” मी बोलून गेले.

“बिघडलं असणार.” तिने दादाला उठवलं, नवी नळी लावली आणि स्वतः खुर्चीत बसली. मी तिला बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपला आकडा कमी यायला हवा होता. देवाशपथ सांगते, मलाही तेच हवं होतं.

“ओरडायला कुणी नको का?” म्हणत दादा पुढे झाला. त्याला अजून गंमत वाटत होती. “भर, भर... फुंक! फुंक, फुंक, अजून, सोडू न...” तेवढ्यात त्याचा दम संपला. तो मशीनला धरून उभा राहिला. वहिनी फुंकतच होती. अर्धवट फुंकलं असतं तर आकडा कमी आला असता, आणि आम्हा दोघांना कळलंही नसतं. पण तिने शेवटपर्यंत फुंकलं.

आकडा आला. रोज सकाळी येतो तोच.

“मग?” दादाने श्वास गोळा करत विचारलं.

“मशीन चांगलं आहे,” वहिनी म्हणाली. इतक्या हळू, की दादाला पुन्हा विचारावं लागलं.