पहिल्या पटावरची बाय

पोलादपूरच्या स्टँडवर माझा मित्र मोटारसायकल घेऊन उभा होता. तो केंद्रप्रमुख (दहा-बारा सरकारी शाळा पाहणारा) आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याला एका वाडीतल्या शाळेची साठी होती. "वालाच्या बिरड्याचं जेवण आहे, ये," एवढ्या आमंत्रणावर मी पुण्याहून निघालो होतो.

शेवटची चढण पायी. माझ्या नव्याकोऱ्या चपलेचा अंगठा तुटला नि मी अनवाणी शाळेत शिरलो.

"शोभतोस," मित्र म्हणाला. "पहिल्या तुकडीची पोरंही अशीच यायची."

त्या तुकडीतल्या हयात मंडळींना नारळ द्यायचा होता. गुरुजींनी फळ्यावर नावं लिहिली होती, सगळे बाप्ये. तेवढ्यात सखूबाई नावाची एक म्हातारी दारात आली.

"माजं नाव कुटं हाय, गुर्जी?"

"आजी, रजिस्टरात सखू नाहीच."

"ही कवा शालेत व्हती? म्हसरं राखत व्हती!" नारळाच्या आशेने पुढे बसलेला एक म्हातारा हसला.

"तीन म्हैने व्हते! तुजी पाटी मीच पुसत व्हते, मेल्या!"

सगळे हसले, पण तिचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं. नाही तिथे नाक खुपसायची माझी सवय जुनीच. मी ते पिवळं रजिस्टर ओढून घेतलं. सहाव्या ओळीत होतं, 'बाय राघो'.

"हे काय नाव?"

गुरुजींनी कपाळावर हात मारला. इकडे लेकीला लाडाने बायच म्हणतात. बापाने "ही माजी बाय" म्हणून पोर पुढे केली असणार आणि तेव्हाच्या मास्तरांनी तेच उतरवून घेतलं!

"राघोला मी एकलीच पोर!" सखूबाई ओरडली. हसणारा म्हातारा एकदम छत न्याहाळू लागला.

मित्राने मात्र साहेबी नजरेने पुढचे रकाने पाहिले. "शाळा सोडल्याची तारीख कोरी आहे. आजी, तुमचं नाव कमीच झालेलं नाही. दाखला करून देऊ?"

"दाखला नेला का नाव जातं?"

"जातं."

"मंग नको रे बाबा. ऱ्हाऊ दे मला शालेत."

टाळ्यांनी कौलं हलली. तांदळाच्या भाकरीबरोबर मी दोन वाट्या बिरडं हाणलं. सखूबाई पाहुण्यांत बसलीच नाही; नारळ मांडीवर घेऊन ती पहिलीच्या पोरांच्या रांगेत जेवली.

परतीच्या एसटीत मी हसतच बसलो होतो. मग आठवलं, माझ्या शाळेचा दाखला मी उड्या मारत घरी नेला होता. त्याचं आज पहिल्यांदा वाईट वाटलं.