माझा राजापूरचा थायरॉईड

एसटी फाट्यावर आली तेव्हा आईने पिशवी माझ्या हातात दिली आणि कानाशी लागून म्हणाली, "कोणी इचारलं तर थायरॉईड सांग हां गो." पिशवीत आंबोळीचं पीठ, आमसुलं आणि फडक्यात बांधलेले उकडे तांदूळ होते. दोन महिने गावात झोपून काढल्यावर मी पुण्याला परत चालले होते. आई धुरळ्यात उभी राहून हात हलवत होती आणि मी खिडकीशी बसून विचार करत होते की आता एसटीत मला कोण विचारणार आहे.

पहिल्यांदा गाव सोडलं तेव्हा याच फाट्यावर ती म्हणाली होती, "पोचलीस की फोन कर, नि उपाशी राहू नको." त्या दिवशी बाबाही आले होते. राजापूरला निघालेल्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते, पोरगी पुण्यात कंपनीत लागली. दुसऱ्या वेळेला त्यांना आंब्याच्या पेट्यांचं काम निघालं. मार्चच्या मध्यावर, झाडावरचा आंबा अजून कोवळा असताना.

पुण्यात मला नेमकं काय झालं, हे माझ्यासारख्या घर सोडून आलेल्या मुलींना तरी सांगायला हवं. काहीच झालं नव्हतं. लोकांना हेच पटत नाही. प्रेमात फसले नाही, नोकरी गेली नाही, साहेबही बरा होता. पण सकाळी दात घासायला उठायचं या नुसत्या विचाराने रडू यायचं. ऑफिसात विम्याचे क्लेम बघते मी. लोकांचे अपघात, ऑपरेशनं, सगळं वाचायचं आणि मंजूर करायचं. एके दिवशी एक फाईल उघडून दुपारपर्यंत तशीच बसले होते. माझी रूममेट विदर्भातली, तोंडाने फटकळ. तिने एक दिवस मला रिक्षात कोंबलं आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई डिप्रेशन हा शब्द सर्दी म्हणावं तितक्या सहज बोलल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच आईला फोन लावला. तेवढी एक घाई झाली.

कारण वेड्यांचं इस्पितळ रत्नागिरीला आहे, आणि आमच्या भागात कोणाबद्दल "त्याला रत्नागिरीला नेलान" म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. कोर्टाच्या कामाला जाणारा माणूससुद्धा आधी काम सांगतो आणि मग गावाचं नाव. अशा घरात मी डोक्याच्या गोळ्या घेऊन आराम करायला आले. धाकटी बहीण लग्नाची. बाबांनी एका संध्याकाळी पडवीत बसून ठरवून टाकलं की मला थायरॉईड आहे. मला कोणी विचारलं नाही. मला तेव्हा विचारण्यासारखं काही शिल्लकही नव्हतं.

त्यात शिमगा आला. शिमग्याला देवाची पालखी आमच्याकडे घरोघर येते. घरापुढच्या खळ्यात पालखी बसते, बाया ओटी भरतात आणि मग दाजी गुरव गाऱ्हाणं घालतात. घरचा कर्ता त्यांच्या कानात अडचण सांगतो आणि दाजी ती देवाला मोठ्याने सांगतात, अख्ख्या वाडीसमोर. त्यात लाज धरत नाहीत. कोणाच्या सुनेला मूल नाही, कोणाचा पोरगा दारू पितो, सगळं निघतं. एकदा तर एकाची मूळव्याध देवाच्या कानावर घातली आणि खळंभर माणसं एका सुरात "होय महाराजा" म्हणाली. लहानपणी मला याचं फार कौतुक वाटायचं. वाटायचं, आपल्या गावात लपवायला काही लागतच नाही.

बाबा दाजींच्या कानाशी वाकले. दाजींनी हात जोडून आवाज लावला, "लेकीच्या मागं हा जो थायरॉईड लागलाय, तो दूर कर रे महाराजा." होय महाराजा. देव जागृत आहे, यात शंका नको. माझा थायरॉईड ठणठणीत आहे, पुण्यात दोनदा तपासून झाला.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण वाडीत एक वहिनी होती. सुमन वहिनी म्हणू. नाव हे नाही आणि घरही मी नीट सांगणार नाही. नवरा मुंबईला, वर्षातून दोनदा येणारा. ती एका दुपारी आईकडे आली. मी आत पांघरूण घेऊन पडले होते. "काकू, थायरॉईडात काय काय होतं गो?" असं तिने विचारलं. आईने सांगितलं, झोप लागत नाय, उगाच रडू येतं, चुलीपुढं बसलं की उठवत नाय. आई खोटं बोलत नव्हती. माझं सगळं तिने नीट बघितलं होतं, फक्त नाव दुसरं दिलं होतं. वहिनी म्हणाली, "माझं पण तसंच होतं." आत मला ते ऐकू आलं आणि मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

मी पुण्याला परतल्यावर वहिनीने राजापुरात जाऊन रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट नॉर्मल आला. सासूने तो रिपोर्ट वाडीभर वाचून दाखवलान. काय एक झालेलं नाय, कामाची चोर, नाटकं नुसती. हे सगळं मला फोनवर बहिणीने सांगितलं, हसत हसत. मी फोन ठेवला आणि घरच्यांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

पुण्यात मी हळूहळू सावरले. गोळी, महिन्यातून दोनदा समुपदेशक बाई, आणि पेज. वाईट सकाळी मी दुसरं काही करत नाही. आईने दिलेले उकडे तांदूळ टोपात शिजवते. कुकर लावत नाही, कारण टोपात ढवळायला उभं राहावं लागतं. उभी राहिले की पुढचं जमतं. आई तांदूळ न चुकता पाठवते. ते कशाला लागतात, हे तिने कधी विचारलेलं नाही.

पुढच्या शिमग्याला गेले ती ठरवूनच. सकाळी बाबांना म्हटलं, आज दाजींना खरं सांगा. माझ्यासाठी नको, सुमन वहिनी ऐकेल म्हणून सांगा. बाबा वर न बघता म्हणाले, "तू जाशील पुण्याला. आमाला हितं ऱ्हायचंय." त्यांचं चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

पालखी बसली. ओटी भरायला आलेल्या बायांत सुमन वहिनीही होती. बाबा वाकले. दाजींनी "लेकीचा थायरॉईड" म्हणायला सुरुवात केली आणि मी उंबऱ्यातून म्हटलं, "थायरॉईड नाही दाजी. मन आजारी आहे माझं. त्याचे डॉक्टर असतात, गोळ्या असतात. मला बरं वाटतंय." ढोल थांबलेलाच होता. दाजींनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "बोला तुम्ही पुढं." दाजी मुरलेले. म्हणाले, "लेकराची काय असंल ती पीडा तुला ठाऊक हाय महाराजा, ती दूर कर." होय महाराजा. पालखी उचलली आणि पुढच्या घरी गेली. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मला सोडायला आई एकटीच होती. एसटीत चढले तर मागून सुमन वहिनी चढली. सासूला सांगून आली होती, रत्नागिरीच्या मोठ्या लॅबमध्ये थायरॉईड परत तपासते म्हणून. हातखंब्याला रत्नागिरीचा रस्ता फुटतो. तिथे तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ते डॉक्टर दाखव मला." मी पुण्याची गाडी सोडली आणि तिच्याबरोबर रत्नागिरीला मनाच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखान्याच्या बाकावर ती पहिल्यांदा रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "घरी थायरॉईडच सांगायचं हां." मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

वहिनीला आता गुण आहे. सासू सगळ्यांना सांगते, रत्नागिरीची लॅब चांगली, राजापूरवाल्यांना रिपोर्ट काढता येत नाय. यंदा पालखीपुढे त्या घरचा नारळ आहे, थायरॉईड बरा झाला म्हणून.

मला मात्र कोणी गाव कुठलं विचारलं तर अजून तोंडून राजापूर येतं. पुण्यात मला काय आहे ते रूममेटपासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण पुणं माझं घर झालेलं नाही. आणि जिथं घर आहे तिथं मी आजारीसुद्धा माझ्या नावाने पडू शकत नाही.

परवा आईचा फोन आला. तांदूळ पाठवलेत म्हणाली. आणि मग, "यंदा शिमग्याला तुला सुट्टी नाय गावली, असं सांगू काय? बाबांना तसं बरं पडंल."

मी म्हटलं, सांग.

"नि थायरॉईडाचं कोणी इचारलं तर?"

आईच म्हणाली, "बरा हाय म्हणून सांगते."