पिवळी गाडी आपली

दीड वर्ष मी आणि माझी मुलगी एकमेकांशी तिच्या आईमार्फत बोलत होतो. ती अमेरिकेत, आम्ही कोल्हापुरात. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. बायको फोन घेऊन सोफ्यावर, मी शेजारच्या खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून. मुलगी म्हणायची, पप्पांना सांग, बीपीची गोळी चुकवू नका म्हणावं. बायको मान वळवून मला म्हणायची, गोळी चुकवू नका म्हणते. मी पेपराआडून म्हणायचो, सांग तिला, घेतली. दोन फुटांच्या अंतरावरून हा निरोप पुन्हा सात समुद्र ओलांडून जायचा. एकदा तर मी पेपर उलटा धरला होता. ते तिला अमेरिकेतून दिसलं. मला शेजारी बसून दिसलं नव्हतं.

चूक माझीच होती. ती मी शंभर माणसांसमोर केली होती, त्यामुळे नाकारायचीही सोय नव्हती.

झालं असं होतं की, मुलगी तिकडं शिकून, डिग्री घेऊन महिनाभर घरी आली होती. मुरगूडला माझ्या पुतण्याचा साखरपुडा होता. तिथं पाहुण्यांनी विचारलं, आता पुढं काय? ती म्हणाली, मोटारींच्या शर्यतीच्या एका टीममध्ये नोकरी लागली आहे. तिचा चेहरा असा उजळला होता, की खरं तर मी तो बघत गप्प बसायला हवं होतं. पण पंगतीत बसलेला माणूस आणि गप्प, हे आमच्या घराण्यात बसत नाही. मी म्हणालो, "चाकंच बदलायची हुती तर गंगावेशीत पंक्चरवाला हाय की. अमेरिका कशाला?"

मांडव हसला. तिनं ताटातला घास संपवला, हात धुतला आणि त्यानंतर माझ्याशी सरळ बोलली नाही.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत एकतीस वर्षं तपासणीला होतो. भट्टीतून ओतून आलेला लोखंडी भाग, म्हणजे कास्टिंग, हातात घ्यायचं, हातोडीनं वाजवायचं, आवाज ऐकायचा, बद्द वाजलं किंवा तडा दिसला की लाल रंगाची फुली मारून बाजूला टाकायचं. सगळं आयुष्य फुली मारण्यात गेलेलं. ही पोर लहान असताना सुट्टीच्या दिवशी माझ्यासोबत कारखान्यात यायची आणि माझा मोजमापाचा व्हर्निअर गळ्यात अडकवून फिरायची. हे सगळं साखरपुड्याच्या मांडवात मला आठवलं नाही. नंतर रोज आठवलं.

तर गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ती आईला म्हणाली, पुढच्या आठवड्यात मोठ्या ट्रॅकवर शर्यत आहे. पप्पांना सांग, बघायची असली तर बघू देत.

बघायची असली तर. एवढ्या तीन शब्दांवर मी आठवडाभर तरंगत होतो.

शर्यत तिकडं दुपारी, म्हणजे इकडं मध्यरात्री. त्यावर तिनंच तोड काढली होती. जागायचं नाही, सकाळी सहाला टीव्ही लावायचा, रेकॉर्ड झालेली शर्यत पहिल्यापासून दिसेल. निकाल आधी शोधायचा नाही आणि ती स्वतः सांगणार नाही. तिच्या आईनं वहीत काय काय लिहून घेतलं. मी काही लिहून घेतलं नाही, कारण मला गाडी माहीत होती. बायकोच्या फोनवर मुलीचा एक फोटो आहे. ती गाडीच्या दाराशी उकिडवी बसलेली, हातात काहीतरी मोजायचं हत्यार, मागं गाडी. पिवळी, काळ्या पट्ट्याची. आणि पिवळा-काळा हा आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचा रंग.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगणं अवघड आहे. कोल्हापुरात माणूस घर बदलेल, पक्ष बदलेल, पण पेठेच्या संघाचा रंग बदलणार नाही. मैदानावर खेळाडूच्या पाठीवर कितवा नंबर आहे हे आम्ही कधी बघितलंच नाही. रंग बघायचा आणि ओरडायचं. तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हाच मी मनात म्हणालो होतो, पोरगी माझ्यावर रुसली असेल, पेठेवर रुसलेली नाही.

सोमवारी पहाटे माझा मित्र आला. तरुणपणी पेठेचा गोलकीपर होता, अजून सगळे त्याला तेच म्हणतात. येताना संघाचा झेंडा घेऊन आला. तो आम्ही टीव्हीवर टाकला. बायकोनं तो उचलून पडद्याच्या वरच्या कडेला नीट खोचला, कारण आम्ही टाकला तसा निम्मी शर्यत झाकत होता.

गाड्या सुरू झाल्या. दिसायला आपल्या रस्त्यावरच्या मोटारीसारख्या, पण दारं न उघडणाऱ्या. ड्रायव्हर खिडकीतून आत उतरतो. ट्रॅक म्हणजे अडीच मैलांचं अंडं, आणि वळणावर एवढा तिरका की चालत वर जायचं तर हात टेकावे लागतील. चाळीस गाड्या, एकीच्या शेपटाला दुसरीचं नाक, तीन-तीन रांगांत, ताशी तीनशे किलोमीटरनं. आमच्या शिवाजी पुलावर सायंकाळी जेवढं अंतर ठेवून रिक्षा चालतात तेवढंच अंतर, फक्त हॉर्न नाही.

गोलकीपर बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "येवढं पळून परत तितंच यायचं, तर निघालेत कशाला?"

बायको म्हणाली, अहो, नंबर बघा, तिनं नंबर सांगितलाय. ती वही आणायला उठलीसुद्धा. मी तिला हातानं बसवलं. म्हटलं, "आमाला नको शिकवू. पेठंतली माणसं नंबर बघत न्हाईत. पिवळी गाडी आपली." ती बसली आणि म्हणाली, बघा तुमचं तुम्ही. मग तिनं मेथीची जुडी पुढ्यात ओढली. निवडता निवडता मधूनच मान वर करून बघायची आणि काही बोलायची नाही. तिचं न बोलणं हे एरवी मला घाबरवतं. त्या दिवशी मी पिवळ्या रंगात बुडालो होतो.

पिवळी गाडी झकास पळत होती. विसावी होती ती चौदावी झाली. मला हळूहळू खेळ कळायला लागला. एकटी गाडी तिथं पुढं जाऊच शकत नाही. हवा अडवते. मागच्या गाडीनं पाठीला नाक लावून रेटा द्यावा लागतो, मग दोघी मिळून पुढं सरकतात. मागून ढकलणारं कोणीतरी पाहिजे. हे कळल्यावर मी पाणी पिण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

परत आलो तेव्हा पिवळी पाचवी होती. मी आणि गोलकीपर उभे राहून ओरडत होतो. साठी उलटलेली दोन माणसं, सकाळी साडेआठला, अमेरिकेत आदल्या दिवशीच होऊन गेलेल्या शर्यतीला उद्देशून. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जिन्यात येऊन बघून गेले.

आणि मग मागच्या गाडीनं पिवळीला रेटा दिला, पण किंचित कोपऱ्यावर. पिवळी आडवी झाली. तीनशेच्या वेगात आडवी. मागून दहा-पंधरा गाड्या तिच्यावर आणि एकमेकींवर येऊन आदळल्या. धूर, उडालेलं पत्र्याचं भेंडोळं, आणि त्या धुरातून पिवळी घसरत गवतात जाऊन उभी राहिली. पुढचा निम्मा भाग नव्हताच. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर आला, त्यानं हात हलवला. माणूस वाचला, हे बघून मी टीव्ही बंद केला.

खोलीत मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज तेवढा. पोरीनं वर्षभर ज्या गाडीला हात लावला होता ती गवतात पडली होती, आणि मी त्या पोरीला पंक्चरवाला म्हणालो होतो.

गोलकीपरनं झेंडा काढला, घडी घातली आणि चपला घालायला दारात गेला. तिथून म्हणाला, "ऊठ."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? हरलेल्याच्या घरी जायाचं अस्तंय."

हे आमच्या पेठेतलं जुनं आहे. संघ जिंकला तर मिरवणुकीला गेलं नाही तरी कोणी विचारत नाही. पण हरला, तर ज्याच्याकडून गोल चुकला त्याच्या घरी जायचं. सामन्याचं नाव काढायचं नाही. बसायचं, चहा प्यायचा, उठताना पाठीवर हात ठेवायचा. गोलकीपरच्या घरी त्या काळात आम्ही इतका चहा प्यायलो, की त्याची आई सामना सुरू झाला की आधण ठेवायची. लोकांच्या पोरांच्या घरी मी चाळीस वर्षं असा जात आलो. स्वतःच्या पोरीकडं मात्र दीड वर्षात दोन फुटांवरून गेलो नव्हतो.

मी म्हटलं, "घर अमेरिकेत हाय तिचं."

"मग फोन लाव की."

बायकोनं आपला फोन माझ्याकडं सरकवला. तिकडं रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला. मागं गाड्यांचा, माणसांचा आवाज होता.

"हां आई, बोल."

"आई न्हाय. मी हाय."

मला नियम माहीत होता: सामन्याचं नाव काढायचं नाही. पण एकदा तोंड उघडलं की माझं काय होतं ते मी सांगितलंच आहे. मी म्हणालो, बघितलं सगळं. पाचवी आली होती, ती काय थोडी न्हाय. मागच्यानं चुकीचा रेटा दिला, त्याला तुम्ही काय करणार. एखादं कास्टिंग फुटलं म्हणून सगळी भट्टी वाईट न्हाय होत. ती काही बोलेना. मला वाटलं, रडत असेल. आणि ती रडते आहे असं वाटल्यावर दीड वर्ष अडकून राहिलेलं बाहेर आलं.

"मुरगूडला बोललो ते चुकलं. आणि चारचौघांत बोललो ते जास्त चुकलं. तू बोलत हुतीस तवा तुझं त्वांड बघाय पायजे हुतं मी."

नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "पप्पा, कुठली गाडी बघत हुता तुमी?"

"पिवळी. आपली."

"आमची हिरवी हुती ह्या खेपेला."

मी फोन कानापासून काढून त्याच्याकडं बघितलं. ती सांगत होती, की गाडीवर जाहिरात असते, जाहिरात देणारा बदलला की रंग बदलतो. कधी दर आठवड्याला. नंबर तोच राहतो, म्हणून तर आईला नंबर दिला होता. हिरवी गाडी त्या धुरातून खालच्या बाजूनं निसटली आणि नववी आली. टीमची वर्षभरातली सगळ्यात चांगली शर्यत. ते आत्ता वर्कशॉपमध्ये केक कापत होते.

"रंग बदलत्यात?" मी म्हणालो. "दर आठवड्याला?" पोरीचा मान राखून मी पुढचं बोललो नाही, पण असल्या खेळाचं काय होणार, अशी चिंता मला खरोखर वाटली.

मी बायकोकडं वळलो. ती निवडलेली मेथी चाळणीत भरत होती. तुला माहीत होतं? "व्हय की," ती म्हणाली. "हिरवी चांगली पळत हुती." मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर फोन लावला असता व्हय तुमी?"

फोनमधून मुलगी ऐकत होती. मी म्हणालो, तुम्ही हरलाच न्हाय म्हटल्यावर आता मी जे बोललो ते... आणि ती म्हणाली, "ते आता माझ्याकडंच ऱ्हाऊ दे." मग म्हणाली, "आणि चाकं न्हाय बदलत मी, पप्पा. शर्यतीनंतर गाडी खोलून एकेक पार्ट बघते. तडा हाय का."

"कसा बघतीस?"

तिनं सांगितलं. लाल रंगाचं पातळ द्रव्य लावायचं, पुसायचं, वर पांढरी पूड फवारायची. तडा असला तर त्यातून लाल रेघ वर येते. मी म्हणालो, पुसायच्या आधी किती थांबतीस? घाई केलीस तर बारीक तडा सुटतो. आणि आधी धुऊन घेतीस का? तेलकट राहिलं तर काही उपयोग नाही. आणि हातोडीनं वाजवून बघतीस का? ती म्हणाली, इथं कोणी वाजवत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी वाजवते. कोण बघत नसलं की."

आम्ही पाऊण तास तड्यांवर बोललो. एवढ्या वेळात बायकोची भाजी शिजली आणि गोलकीपर एक चप्पल घालून, एक हातात धरून दारात तसाच उभा होता. शेवटी त्यानं विचारलं, आता चहा प्यायचा का मिरवणूक काढायची, तेवढं सांगा. बायकोनं आधण ठेवलं.

मग आम्ही टीव्ही पुन्हा लावला, त्या अपघातापासून. बायकोनं बोट ठेवून दाखवलं: पिवळी आडवी होते त्याच क्षणी खालच्या कडेनं एक हिरवी गाडी, दोन चाकं गवतात, धुरात शिरते आणि पलीकडून बाहेर येते. मघाशीही ती पडद्यावर होतीच. नववी येणार हे माहीत असून शेवटची फेरी मला बसून बघवली नाही.

पुढच्या रविवारी फोन आला. बायकोनं उचलला, दोन वाक्यं बोलली आणि तोंड वाकडं करून माझ्या हातात दिला. मी पेपर बाजूला ठेवला. मुलगी म्हणाली, पप्पा, या आठवड्यात गाडी निळी आहे, आणि दारावर...

"रंग सांगू नको," मी म्हणालो. "थांब, पेन घेतो. नंबर सांग."