खोट्या गोळीचे पेढे

गोळी गिळली की खरंच गिळल्याची खूण म्हणून त्यातली एक बाई आम्हाला जीभ बाहेर काढून दाखवायची. ऐंशीच्या दशकात आर्वीजवळच्या एका गावात आम्ही पाळीतल्या पोटदुखीचं औषध तपासत होतो. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कोणाला कुठली, ते काम संपेपर्यंत आम्हालाही ठाऊक नसायचं.

काम संपलं, तशी ती एसटीनं थेट वर्ध्याला दवाखान्यात आली.

"डाक्टरीणबाई, आमचा निकाल काऊन नाई सांगितला?"

"औषध लागू पडलं," मी म्हटलं, "पण तुमची गोळी खोटी होती."

ती खदखदून हसली.

"म्हंजे मी कण्हत राह्यली, म्हणून खरी पास झाली! आता माह्या पोरीले खरीच द्या."

पिशवीतून पेढा काढून तिनं माझ्या तोंडात कोंबला.

"गिळा. अन् जीभ दाखवा!"