अमावस्येची सरासरी

आमच्या जालन्याच्या कॉलेजात मी कॉमर्सच्या पोरांना आकडेवारीतून अर्थ काढायला शिकवायचे, तेव्हा त्याला कुणी डेटा अ‍ॅनालिसिस म्हणत नव्हतं. 'मॅडमचा कॉम्प्युटरचा तास' एवढंच. कॉम्प्युटर तीन. प्राचार्यांनी बजावलं होतं, बाहेरच्या माणसाला पटेल असं काही करून दाखवा, नाही तर तिन्ही मशीन ऑफिसात जातील. म्हटलं, दाखवते की! माझा माझ्या अकलेवर भारी भरवसा.

परतूरच्या एका अडत्याकडून धान्याच्या आवकेची वर्षभराची वही आणली. रोज किती पोती आली, ते पोरांनी आधी एक्सेलमध्ये भरलं, मग फॉक्सप्रो नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये. दोन्हीकडे दर महिन्याला एक खाना रिकामा. मी म्हटलं, "टाइप करायचं राहिलंय. सरासरी टाका."

परतूरहून रेल्वेनं येणारी एक मुलगी उठली. "मॅडम, राह्यलं न्हाई. त्या दिवशी अमावस्या असती. हमाल पोत्याला हात लावत न्हाईत."

"कॉम्प्युटरला अमावस्या कळते का गं? बस खाली!"

वर्ग खदखदून हसला. ती बसली. सरासरी भरल्यावर आलेख कसा छान सलग आला, आणि मी खूश.

दाखवायच्या दिवशी तोच अडत्या आला. चष्मा वर करून पडद्यावरच्या तारखा आपल्या वहीशी ताडत म्हणाला, "बाई, अमावस्येला माझ्या दुकानात माल उतरवला कुणी? भुतांनी?"

प्राचार्यांनी माझ्याकडं नाही, मशीनकडं बघितलं. माझे कान तापले. मी तापट आहे, पण खोटारडी नाही. "चूक माझी," मी म्हटलं. "हिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." आणि त्या मुलीला पुढं बोलावलं.

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, माझ्या सगळ्या सरासऱ्या पुसल्या, तिथीचा नवा रकाना केला. मग अमावस्येच्या दुसऱ्या दिवसाची आवक तेवढी वेगळी काढली. सगळ्यात जास्त पोती त्याच दिवशी, जवळपास दर महिन्याला.

"माल तुंबतो," उभ्या उभ्याच ती अडत्याला म्हणाली. "त्या दिवशी हमाल वाढवा. माझा बाप तुमच्याकडंच पोती उचलतो. त्या दिवशी पाठ धरूनच घरी येतो."

अडत्या म्हणाला, "बराबर आहे. वाढवतो." प्राचार्य म्हणाले, मशीन इथंच राहू द्या.

तिनं मला हळूच विचारलं, "मंग आता बसू का खाली?"

"नाही," मी म्हटलं, आणि तिच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले.