कोंडवाड्यातला आरोपी

हिंगोलीत मोकाट जनावरांच्या कोंडवाड्यावर एक चाचा होते. माणसांना ते सरसकट अरे-तुरे करत, पण आत आलेल्या जनावराला ‘या, बसा’ म्हणत. आधी त्याला कडबा, मग मालकाशी बोलणं. मालकाने पाठीवर हात ठेवून ‘हे माझं’ म्हटल्याशिवाय मात्र सुटका नाही.

मी तेव्हा हैदराबादेत कायदा शिकत होतो. सुटीत घरी आलो आणि म्हशीचं दावं माझ्या हातून सैल राहिलं. तिने शेजाऱ्याची ज्वारी खाल्ली अन् कोंडवाड्यात गेली. वडील औंढ्याहून परतायच्या आत तिला सोडवणं भाग होतं.

मी चाचांना वर्गातला ताजा धडा ऐकवला. “गुन्ह्याला हेतू लागतो. म्हशीला हेतू नसतो. मग तिला कैद काहून?”

“बराबर,” चाचा म्हणाले. “मंग कसूर कोनाचा? दावं कोनं बांधलं व्हतं?”

“मी,” मी ऐटीत म्हणालो.

चाचांनी म्हशीला ‘चला बाईसाहेब’ म्हणत बाहेर काढलं, मला आत बसवलं आणि कडी घातली. मलाही आधी भाकरी-ठेचा मिळाला.

“चाचा, सोडा की! वडील येतील!”

“येऊ दे. मालक आल्याबिगर सोडत न्हाई मी.”

दिवेलागणीला वडील आले. चाचांनी सगळी हकिगत सांगून विचारलं, “बघ रे, तुझंच हाये का?”

वडिलांनी मला न्याहाळायला जरा जास्तच वेळ घेतला. मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, “माझंच हाये. हैदराबादेला धाडताना दावं सैल राहिलं.”