विहीणबाईंची घाई

माझ्या विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई, उभ्या जन्मात कुठे वेळेवर पोचल्या नाहीत. नेहमी आधीच पोचल्या. लग्नाला गेल्या की मांडववाल्याला खुर्च्या मांडू लागायच्या. पालीहून आमच्या गोडदेवच्या घरी जेवायला बोलवावं, तर मी अजून दात घासतेय आणि या दारात, हातात पापलेटांची पिशवी. "तुमी करा तुमचं, ताई, मी बसते," म्हणायच्या आणि माझाच ओटा पुसायला घ्यायच्या. बसणं काही त्यांना जमायचं नाही.

तर सूनबाईला दिवस गेले. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी एक नवी रक्ततपासणी करायला लावली. रक्तातली काही प्रथिनं मोजतात म्हणे, आणि मूल दिवस भरायच्या आधी यायची शक्यता किती ते सांगतात. आमचा आकडा वरचा आला. "येईलच असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण कळलंय तर आतापासून औषध आणि वरचेवर तपासणी ठेवू." मी लगेच औषधांची नावं लिहून घ्यायला लागले. विहीणबाईंनी मात्र मान खाली घालून विचारलं, "डॉक्टर, ह्यो गुण माझा गेला काय पोराला?"

डॉक्टरीणबाई हसल्या, तसं काही नसतं म्हणाल्या. पण ऐकतंय कोण! त्या दिवसापासून ही बाई गोगलगाय झाली. समोरच्या दोन रिक्षा सोडून तिसरीत बसायच्या. माझा मुलगा ऑफिसला पळाला की ओरडायच्या, "जावई, हळू! पोर ऐकतंय!" सख्ख्या भाच्याच्या लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचल्या, आणि पेढे वाटावेत तसं ते गावभर सांगत सुटल्या.

औषधं, तपासण्या, आराम असं करत सातवा सरला, आठवा सरला. आणि नात आली ती दिवस भरून, गुटगुटीत, सगळा वॉर्ड दणाणून सोडत!

विहीणबाईंनी तिला मांडीवर घेतलं, बोटं मोजली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझी पयली सातव्यात आली, ताई. सकाळी आली, दुपारी गेली. तवा आधी सांगनारा कोन न्हवता."

चार वर्षं आम्ही विहिणी, पण मला हे ठाऊक नव्हतं. "नाव काय ठेवलं होतं?" मी विचारलं.

"नाव ठेवाया येळ कुठं गावला?"

पण मग त्या बाळाच्या कानाशी वाकल्या आणि कितीतरी वेळ एकच नाव अगदी हळू आवाजात म्हणत राहिल्या. कोणतं, ते मी अजून विचारलेलं नाही.